एपिक्युरसची बाग: सुखाची वाट की पळवाट?

कडुलिंब:
'खा, प्या, मजा करा' हे ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसच्या नावावर खपवलेलं दिसलं की मला खरंच वाईट वाटतं. हा माणूस भाकरी-पाण्यावर समाधानी होता. मित्राला लिहितो, थोडं चीज पाठव, म्हणजे मनात येईल तेव्हा मेजवानी करता येईल! इ.स.पू. 306 च्या सुमारास तो अथेन्सला आला आणि त्याने तिथे बाग घेतली. त्या बागेत स्त्रिया आणि गुलामसुद्धा तत्त्वचर्चेला असत. अंगाला वेदना नाही, मनाला घोर नाही, हेच त्याचं सुख. मनाच्या या निवांतपणाला ग्रीक शब्द 'अ‍ॅटरॅक्सिया'. शांत जगण्याचा इतका साधा मार्ग ग्रीकांत दुसऱ्या कुणी दाखवलेला मला माहीत नाही.

वेशीबाहेर:
नाही पटलं. 'नजरेत न येता जगा' आणि राजकारणापासून लांब राहा, हे त्याचंच सांगणं ना? मला स्टोइक, म्हणजे कर्तव्य सोडू नका म्हणणारे तत्त्वज्ञ, जवळचे वाटतात. त्यांच्यातला रोमन सम्राट मार्कस ऑरेलियस, त्याच्या काळात साम्राज्यात मोठी साथ आली, डॅन्यूबकाठी लढाया चालू होत्या. तो छावणीत बसून स्वतःलाच समजावत लिहीत होता, पण कर्तव्य सोडून उठला नाही. बागेत कुणाचंही मन शांत राहील.

कडुलिंब:
बाग कायम सुरक्षित होती असं समजू नका. मॅसेडोनियन सेनानी डेमेट्रियसने अथेन्सला वेढा घातला तेव्हा शहरात उपासमार झाली. एपिक्युरसने कडधान्याचे दाणे मोजून वाटले आणि आपल्या माणसांना जगवलं. ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने हे लिहून ठेवलंय, आणि तो तर एपिक्युरसचा टीकाकार. पुढे इ.स.पू. 270 मध्ये मूतखड्याने मरताना एपिक्युरस मित्राला कळवतो की वेदना पराकोटीच्या आहेत, पण आपल्या गप्पांच्या आठवणींचा आनंद त्यांना पुरून उरतोय. आणि लगेच, दिवंगत मित्राच्या मुलांकडे लक्ष दे.

वेशीबाहेर:
प्लुटार्कचा तोच परिच्छेद पुरा वाचा. त्याच वेढ्यात छतावरून मेलेला उंदीर पडला आणि त्यासाठी बाप-लेक एकमेकांवर तुटून पडले. दाणे बागेतल्यांना मिळाले. या दोघांना कोण देणार होतं?

ओलीचिंब:
मध्येच बोलते. इ.स.च्या दुसऱ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानातल्या ओइनोआंडा गावी डायोजेनिस नावाच्या एका म्हाताऱ्या एपिक्युरियनने हे विचार दगडी भिंतीवर कोरून घेतले. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी, परक्यांसाठीसुद्धा. त्याने तरी बागेचं कुंपण काढलं, असं मला वाटतं.

वेशीबाहेर:
हे मला आवडलं. पण ते एपिक्युरसनंतर चारेकशे वर्षांनी. वेढ्यातल्या त्या बाप-लेकाबद्दल अजून कुणी बोललेलं नाही.

कडुलिंब:
माझ्याकडे त्याचं उत्तर नाही. तरी दाणे मोजणाऱ्याला पळपुटा मी म्हणणार नाही.