मदत हवी आहे: रेवदंडा-कोर्लईचं चॅपल, सोबत ७४ वर्षांचे पप्पा

मंडळी, नमस्कार.

जानेवारीत सोलापूरची गड्डा यात्रा (सिद्धेश्वराची जत्रा) आटोपली की पप्पांना घेऊन अलिबागजवळच्या रेवदंडा आणि कोर्लईला जायचं ठरतंय. पप्पा इतिहासाचे निवृत्त शिक्षक. डावा गुडघा दुखरा, हट्ट मात्र शाबूत.

आम्ही सोलापूरचे मराठी ख्रिस्ती, पण प्रोटेस्टंट. संतांच्या नावाची चॅपलं (छोटी प्रार्थनामंदिरं) आमच्या घरी फारशी कौतुकाची नाहीत. पप्पांना ओढ आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. आपल्या सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यावरून निजामशाही आणि आदिलशाही कशा एकमेकांच्या उरावर बसल्या होत्या, हे पाहुण्यांना चहा यायच्या आत ऐकावंच लागतं. त्याच दोघांनी १५७० मध्ये हातमिळवणी केली, आदिलशहाने गोव्याला आणि निजामशहाने चौलला वेढा घातला, आणि दोघंही हात हलवत परतले. पोर्तुगिजांचं ते चौल म्हणजे आजचा रेवदंड्याचा कोट. तिथे नारळाच्या वाड्यांत सेंट फ्रान्सिस झेवियरचं छोटं चॅपल आहे, झेवियरने तिथे प्रवचन केलं होतं असं सांगतात. खाडीपलीकडे कोर्लईच्या किल्ल्यात दुसरं, त्याला छप्परच उरलेलं नाही. किल्ल्यातल्या पोर्तुगीज शिलालेखाचा फोटो पप्पा भिंग लावून बघत बसतात, एक अक्षर कळत नसताना!

आता मुद्द्याचं. कोर्लईला वर चढणं त्यांना झेपेल का? गाडी कुठपर्यंत जाते? की रेवदंड्यावरच समाधान मानावं?

जायचं कसं, यावर घरात दोन तट आहेत. मी म्हणतो सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई, भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (गाड्याही नेणाऱ्या बोटीने) मांडवा, पुढे अलिबागहून रिक्षा. बायको म्हणते, सामान आणि सासरे दोन्ही इतक्या वेळा चढवायचे-उतरवायचे, त्यापेक्षा पुण्यावरून सरळ आपली गाडी. जाणकारांनी निवाडा करावा.

---

प्रतिसाद:

वहिनींचं ऐका, गाडीच आणा. रो-रोचा मोह असेल तर गाडी रो-रोतही चढते, पण सोलापूरहून मुंबईला वळसा कशाला?

रेवदंडा सपाट आहे, काका निवांत हिंडतील. चॅपलसोबत सातखणी मनोराही दाखवा, फ्रान्सिस्कन पंथाच्या कॅथलिक साधूंच्या चर्चचा तेवढाच भाग उभा आहे. कोर्लईला कोळीवाड्यातून समुद्राच्या कडेने दीपगृहापर्यंत रस्ता जातो. अरुंद आहे, समोरून टेम्पो आला की मागे घ्यायची तयारी ठेवा. दीपगृहामागून पायऱ्या लागतात. धडधाकट माणसाला पाऊण तासही नको, दुखऱ्या गुडघ्याला उतरताना जास्त त्रास होईल. काठी हवीच. पाणी खालूनच घ्या, ऊन चढायच्या आत खाली या.

नाहीच झेपलं तर काकांना कोर्लई गावात बसवा. तिथले ख्रिस्ती आजही आपसात पोर्तुगीजमधून निघालेली बोली बोलतात, माउंट कार्मेलच्या चर्चपाशी कुणीतरी भेटतंच. गप्पांना विषय मी देतो: कोर्लईचा किल्ला पोर्तुगिजांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडूनच घेतला आणि १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. काका तासभर हलणार नाहीत.

शनिवार-रविवार मात्र टाळा. अलिबागच्या रस्त्यावर मुंबईकरांची रीघ असते.