तूरडाळीचं पोतं घ्यावं का?

ऐरोलीकर: चौघांना महिन्याला ३ किलो लागते. वाशीच्या दाणा बाजारातून ३० किलोचं पोतं परवडेल का? पावसाळ्यात कीड लागायची धास्ती वाटते.

जांभळीनाका: आधी भाडं-हमाली धरून हिशेब करा. किलोमागे ५ रुपये सुटले तरी पोत्यामागे १५०च; तेवढे टेम्पोतच जातात. शेजाऱ्यांबरोबर दोन-तीन पोती एकदम आणा, मग खरी बचत.

साठवण: मे महिन्यात दोन कडक उन्हं द्या. पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नका, कोमट डाळीने झाकणाला आतून घाम येतो आणि बुरशी धरते. किलोला चहाचा चमचाभर एरंडेल, दाणा न् दाणा चकाकेपर्यंत चोळायचं. पाच-पाच किलोचे डबे करा. एकात भुंगे झाले तरी बाकीची डाळ वाचते.

ऐरोलीकर: तांदळालाही एरंडेल?

साठवण: चालतं, पण बोरिक पावडर अजिबात नको. ती विषारी, घरात लहान मुलं असतात.