शेल्टरमधून प्रेमळ कुत्रं घरी आणलंय? तुमचा अनुभव सांगा

ठाणे

आमच्या घरात वर्षभर चाललेली चर्चा एकदाची संपली. कुत्रं आणायचं, वयात आलेलं आणायचं आणि शेल्टरमधूनच आणायचं, असं ठरलं. घरात सासूबाई ७४ वर्षांच्या आणि लेक ९ वर्षांची, म्हणून सगळ्यांची अट एकच : कुत्रं मायाळू हवं.

गेल्या रविवारी बघायला गेलो. फाटक उघडताच साठ-सत्तर कुत्री एकदम भुंकायला लागली, लेकीने माझा हात घट्ट धरला. पुढच्याच पिंजऱ्यात एक तांबूस कुत्रा जाळीवर दोन्ही पाय टेकून उभा होता. शेपटीला थारा नव्हता. आम्ही म्हटलं, हाच. तिथे काम करणारा मुलगा म्हणाला, "ताई, हा चांगलाच आहे. पण जो आधी जाळीवर येतो तोच मायाळू, असं काही नसतं. अजून एकदा या."

तसेच परत आलो. तेव्हापासून हेच डोक्यात आहे. इतक्या गोंगाटात, पिंजऱ्याआडून, कुत्र्याचा स्वभाव कळायचा कसा? तुम्ही काय बघितलंत, किती वेळा गेलात, घरी आणल्यावर पहिले दिवस कसे गेले? जमलं नाही त्यांनीही लिहावं. मला तेही ऐकायचं आहे.

कोथरूड, पुणे

आमची चिंगी अडीच वर्षांची असताना आणली. तिला आता घरात ४ वर्षं होतील. आम्ही तीनदा गेलो होतो आणि पहिल्यांदा ती दिसलीच नव्हती. पिंजऱ्याच्या मागच्या भिंतीला अंग लावून, तोंड फिरवून बसली होती.

दुसऱ्यांदा मी मुद्दाम बुधवारी दुपारी एकटी गेले. रविवारी माणसं येतात, कुत्री चेकाळतात, त्या वेळी काही कळत नाही. दुपारी सगळी निवांत पडलेली असतात. पिंजऱ्याबाहेर जमिनीवर बसले, तिच्याकडे न बघता, थोडी पाठमोरी. वीसेक मिनिटांनी चप्पल हुंगल्याचा आवाज आला. हात पुढे केला नाही, तशीच बसून राहिले. मग तिथल्या मावशींनी तिला पट्टा लावून बाहेर आणलं. अंगणात दोन फेऱ्या झाल्या आणि मी थांबले, तर तिने सगळं अंग माझ्या पोटरीला टेकवलं. उडी नाही, चाटणं नाही, नुसतं टेकणं. माझ्यासाठी तिथेच ठरलं.

तरी तिसऱ्यांदा नवऱ्याला आणि पुतण्याला घेऊन गेलो. मावशींना विचारून कान, पंजे, शेपटीला हात लावून बघितला. खाताना कुणी जवळ गेलं तर काय करते, तेही विचारलं. रोज खायला घालणाऱ्या माणसाला हे सगळं ठाऊक असतं, फक्त आपण विचारायला हवं. डाव्या कानाला खाच होती, म्हणजे नसबंदी झालेली. ते कागदावरही होतं.

घरी आल्यावर मात्र हीच का ती, असं वाटावं! दिवाणाखाली शिरली ती दोन दिवस बाहेर येईना. जवळजवळ वीस तास शू केली नाही. दहीभात रात्री सगळे झोपल्यावर खायची. शेल्टरवाल्यांनी सांगितलं होतं : ३ दिवस बावरलेलं राहील, ३ आठवड्यांत घराची घडी ओळखेल, ३ महिन्यांनी घर आपलं मानेल. हे काही घड्याळ लावून होत नाही, पण आमच्याकडे साधारण तसंच झालं. तिसऱ्या आठवड्यात ती पहिल्यांदा भुंकली, कुरियरवाल्यावर. मी घाबरले, मायाळू म्हणून आणली आणि ही भुंकते कशी? डॉक्टर म्हणाले, आता तिला दार आपलं वाटायला लागलंय.

ठाण्याच्या ताई, मुलीला एवढंच सांगा : पहिला आठवडा कुत्र्याला मिठी नाही, तोंडाजवळ तोंड नाही, ते झोपलेलं असताना हात नाही. येईल तेव्हा येऊ द्यायचं.

सांगली

मी निवृत्त शिक्षक. स्वभावाबद्दल वर छान लिहिलंय, मी तब्येतीबद्दल लिहितो.

आमचा मोती शेल्टरमधून आला तेव्हा तुकतुकीत दिसत होता. दहाव्या दिवशी खाणं सोडलं, बाराव्या दिवशी नाकातून रक्त आलं. रक्त तपासलं तर प्लेटलेट्स खूप उतरलेल्या. गोचिड चावून होणारा गोचिडतापच तो. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन २८ दिवस दिलं. चौथ्या दिवशी मोती उठून पाणी प्यायला लागला, तरी आम्ही औषध पूर्ण २८ दिवस दिलं, मध्येच सोडलं नाही. शेल्टरला बोल लावायचा नाही. इतकी कुत्री एकत्र राहिली की गोचिड येतेच, आणि ताप आत दबून बसलेला असू शकतो. म्हणून आणल्या-आणल्या, कुत्रं कितीही ठणठणीत दिसलं तरी, एकदा रक्त तपासून घ्या. कान आतून बघा, बोटांच्या बेचक्या बघा, गोचिड तिथेच लपते.

रेबीजच्या लशीची तारीख कागदावर हवी. तोंडी "दिलीय हो" चालत नाही. जंताचं औषध कधी दिलं तेही विचारा. पिल्लू आणणार असाल तर पार्व्हो आणि डिस्टेंपर या जीवघेण्या रोगांची लस झाल्याशिवाय त्याला रस्त्यावरच्या मातीत सोडू नका. आम्ही आधीच्या एका पिल्लाच्या वेळी ती चूक केली होती. पाच दिवसांत गेलं.

दादर, मुंबई

आमचा भोलू तीन पायांचा आहे. गाडीखाली पाय गेला, शेल्टरने वाचवलं. माझे आजोबा परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटलला 'बैलघोडा हॉस्पिटल'च म्हणायचे. १८८३ सालचं ते. त्यांच्यासोबत लहानपणी जखमी कावळा घेऊन तिथे गेल्याचं आठवतं. पट्टीतलं जनावर घरी आणणं आमच्या घराला नवं नव्हतं.

सोसायटीला मात्र होतं. लिफ्टमधून न्यायचं नाही, अशी नोटीसच लागली. चौथ्या मजल्यावरून तीन पायांचा कुत्रा जिन्याने कसा उतरणार? अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या मार्गदर्शक सूचना मी छापून घेतल्या. सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी करता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही, हे त्यात स्पष्ट आहे. पण कागद सेक्रेटरीच्या तोंडावर मारायचा नाही, असं बायको म्हणाली. आम्ही भोलूला घेऊन एकेका मजल्यावर गेलो, लशीचा दाखला दाखवला, लिफ्टमध्ये दुसरं कुणी असेल तर आम्ही थांबू असं सांगितलं, आणि ते आजही पाळतो. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना कुत्र्यांची खरोखरच भीती आहे, लहानपणी चावलं होतं त्यांना. आम्ही त्यांची वेळ सांभाळतो. नोटीस दोन महिन्यांनी उतरली.

नाशिक

ज्यांना जमलं नाही त्यांनीही लिहा म्हणालात, म्हणून लिहितेय. पहिल्यांदाच लिहितेय.

दीड वर्षाचा कुत्रा आणला होता. शेल्टरमध्ये अगदी लोण्यासारखा, कुशीत शिरणारा. आम्ही एकदाच गेलो आणि त्याच दिवशी आणला. माझा मुलगा तेव्हा रांगता. आठव्या दिवशी मुलगा रांगत त्याच्या वाटीजवळ गेला आणि तो गुरगुरला. मी ओरडले, नवऱ्याने पेपरची गुंडाळी मारली. दोन-तीनदा असंच झालं. पुढच्या वेळी तो गुरगुरला नाही, सरळ तोंड टाकलं. दात अंगाला लागला नाही, बाहीला लागला. तरी बाळाला घेऊन मी रात्रभर बसून होते.

नंतर एका प्रशिक्षकांनी समजावलं. गुरगुरणं म्हणजे त्याचं "लांब राहा" असं सांगणं. त्यावरच आम्ही मारलं, मग त्याच्याकडे सांगायला दुसरं काही उरलंच नाही. उपाशी राहिलेली, वाटीसाठी भांडावं लागलेली कुत्री खाणं असं राखतात. यावर इलाज आहे, पण महिनोन्‌महिने लागतात, आणि रांगतं मूल असलेल्या वन बीएचकेमध्ये तो करणं आम्हाला झेपलं नसतं. १९व्या दिवशी परत नेलं. तो गाडीतून उतरेना. त्याचं ते बघणं अजून माझ्या डोळ्यांसमोर येतं.

चार महिन्यांनी दिंडोरीकडच्या एका जोडप्याने त्याला नेलं. मुलं मोठी, घराभोवती मळा. त्यांनी फोटो पाठवला, द्राक्षाच्या बागेत चिखलात लोळतोय. (बागवाल्यांनो, कुत्र्यांना द्राक्षं देऊ नका, मूत्रपिंडं जातात. त्यांनाही सांगितलं.) तो प्रेमळच होता. आम्ही "खाताना कसा वागतो?" हा एक प्रश्न विचारायला हवा होता.

म्हापसा, गोवा

नाशिकच्या ताई, परत आणून दिलंत हे बरं केलंत. मी शनिवार-रविवारी शेल्टरमध्ये मदतीला जाते. लोक परत द्यायला लाजतात आणि कुत्रं कुठल्यातरी बाजारपेठेत सोडून देतात, ते आम्हाला जखमी होऊन मिळतं.

एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. २०२३च्या नियमांप्रमाणे रस्त्यावरच्या कुत्र्याची नसबंदी केली, लस दिली की त्याला सहसा जिथून आणलं तिथेच परत सोडायचं असतं. म्हणजे आमच्याकडे दत्तक द्यायला उरतात ती बहुतेक अपघातातली, आई गेलेली पिल्लं आणि मालकांनी सोडलेली. ही शेवटची फार हळवी असतात. फाटकाबाहेर स्कूटर थांबली की कान टवकारतात, आपलाच माणूस आला म्हणून. गोंयांत पावसाच्या तोंडावर भाड्याची घरं रिकामी होतात, तेव्हा अशी जास्त येतात.

सगळे पिल्लू मागतात. पिल्लू पुढे कसं होईल हे आम्हालाही सांगता येत नाही. चार-पाच वर्षांच्या कुत्र्याचं मात्र सगळं सांगता येतं : मांजर चालते का, एकटं राहतं का, फटाक्यांना घाबरतं का. म्हाताऱ्या माणसांच्या घरी तर तेच द्यावं, ओढत नाही आणि धांदल करत नाही. आणि काळ्यांकडे बघा हो! आमच्याकडे काळी कुत्री शेवटपर्यंत राहतात. एकाने मला तोंडावर सांगितलं, काळं घरात नको. त्याच काळ्या कुत्रीच्या पाठीवर डोकं ठेवून आमचा राखणदार दुपारी झोपतो.

बर्लिन

इथे रस्त्यावर मोकाट कुत्रं दिसत नाही, तरी शहराच्या पूर्वेला फाल्केनबर्गमधलं टियरहाइम युरोपातल्या मोठ्या शेल्टरांपैकी आहे. आमची कुत्री मूळची रोमेनियातल्या रस्त्यावरची. पहिल्या भेटीत नुसतं बोलणं, मग फिरायला नेणं, मग घर कसं आहे, दिवसभर कोण असतं याची चौकशी. आम्हाला सहा आठवडे लागले. तेव्हा चिडचिड झाली, आता वाटतं बरं झालं. शहर पहिल्या कुत्र्यामागे वर्षाला १२० युरो करही घेतं, त्यामुळे उगीच हौस म्हणून कुणी आणत नाही.

'बस' आणि 'ये' तिला मराठीत कळतं, कारण आई इथे तीन महिने होती आणि सकाळी तीच तिला फिरवायची. आई परत गेल्यावर आठवडाभर ती त्या खोलीच्या दाराशी झोपली. आता व्हिडिओ कॉलवर आईचा आवाज आला की फोनच्या मागे जाऊन हुंगते.

नागपूर

आमची राणी आणली तेव्हा डॉक्टरांच्या अंदाजाने दहा वर्षांच्या पुढची होती. एका डोळ्याला मोतीबिंदू. लोक म्हणाले, किती दिवसांची आहे ती? १४ महिने सोबत राहिली. त्यातला एक पूर्ण उन्हाळा होता. पारा पंचेचाळिसाला टेकला की कूलरसमोर ओलं पोतं अंथरायचो, ती त्यावर चार पाय पसरून पडायची. फिरायला पहाटे पाचला, डांबर तापायच्या आत. गेली तेव्हा माझ्या हातावर हनुवटी ठेवून गेली. आम्ही पुन्हा म्हातारंच कुत्रं आणलंय.

ठाणे

सगळं घरात मोठ्याने वाचून दाखवलं. नाशिकच्या ताईंचं वाचताना मला मध्ये थांबावं लागलं.

परवा दुपारी अडीचला पुन्हा गेलो. सासूबाईही आल्या. तो तांबूस कुत्रा आधीच एका कुटुंबाबरोबर गेला होता. शेवटून तिसऱ्या पिंजऱ्यात एक काळी कुत्री आमच्याकडे पाठ करून पडलेली, सहा वर्षांची, मालकाने घर बदलताना सोडलेली. खाताना कुणी आलं तर बाजूला सरते, असं तिथल्या मुलाने सांगितलं. रक्ततपासणी पुढच्या आठवड्यात करून देणार आहेत. सासूबाईंना प्लॅस्टिकची खुर्ची दिली. त्या बसल्या आणि सवयीने हळू आवाजात विष्णुसहस्रनाम म्हणायला लागल्या. कुत्री उठली नाही, वळलीही नाही. पण तिचा एक कान मागे फिरला आणि सासूबाई थांबेपर्यंत तसाच राहिला.

शनिवारी परत जातोय.