रंगपंचमीच्या छायाचित्राखाली विनोदी ओळ सुचवाल का?

नमस्कार. आमच्या गल्लीच्या हस्तलिखित अंकात एका स्थानिक नेत्याच्या कुटुंबाचे छायाचित्र छापायचे असून त्याखाली विनोदी ओळ हवी आहे. नाशकात रंग खेळायचा तो रंगपंचमीलाच, आणि हे छायाचित्र जुन्या नाशकातील पेशवेकालीन रहाडीच्या (रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदाच्या) काठावरचे आहे: साहेब कडक इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात अगदी कोरडे, आजींच्या हातात सर्वांच्या चपला आणि धाकटी लेक बाबांना मागून ढकलण्याच्या बेतात. ‘घरातूनच भक्कम पाठिंबा!’ एवढेच मला सुचले. रोख साहेबांच्या राजकारणावरच असावा. अब्रुनुकसानीसाठी भारतीय न्याय संहितेत कलम ३५६ आहेच, पण मला खरी काळजी त्या मुलीची वाटते. उद्या शाळेत तिला कोणी चिडवू नये. सहा-सात शब्दांत बसणारी ओळ कृपया सुचवावी.