नवशिक्यांनी पीसीबी (छापील सर्किट बोर्ड) डिझाइनची सुरुवात थेट कीकॅड या सॉफ्टवेअरपासून करावी का?

धागाकर्ता
इलेक्ट्रॉनिक्स नव्याने शिकणाऱ्याला ‘आधी सोपे सॉफ्टवेअर घे, कीकॅडचे नंतर बघू’ असा सल्ला सर्रास दिला जातो, आणि मला तो पटत नाही. फ्रिट्झिंग या सोप्या सॉफ्टवेअरमध्ये ब्रेडबोर्डचे (सोल्डरिंग न करता घटक खोचून जोडण्याच्या पाटीचे) हुबेहूब चित्र दिसते; पण कोणती वायर कुठे खोचली आहे एवढेच त्यातून कळते, सर्किट का चालते ते कळत नाही. तो विचार स्किमॅटिकवरच, म्हणजे चिन्हांनी काढलेल्या सर्किटच्या आकृतीवरच, करता येतो. कीकॅडमध्ये स्किमॅटिक काढून झाल्यावर बहुतेक चिन्हांना फूटप्रिंट (घटक बोर्डवर जोडण्यासाठीच्या तांब्याच्या पॅडांची मांडणी) आपल्यालाच नेमून द्यावा लागतो. हे काम कंटाळवाणे खरे, परंतु रेझिस्टरचे चिन्ह वेगळे आणि बोर्डवर बसणारा ०८०५ या प्रमाणित आकाराचा रेझिस्टर वेगळा, ही जाण त्यातूनच येते.

ब्रेडबोर्डवाला
अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यापुरते हे मान्य. शाळकरी मुलांच्या बाबतीत मुळीच मान्य नाही. जर्मनीतील पॉट्सडॅमच्या उपयोजित विज्ञान विद्यापीठात फ्रिट्झिंग आकाराला आले ते डिझायनर, कलावंत आणि हौशी लोकांसाठी, आणि त्यात स्किमॅटिक व पीसीबी अशी दोन्ही दृश्ये ब्रेडबोर्डच्या दृश्याशी जोडलेली आहेत, ही गोष्ट आपण वगळलीत. टिंकरकॅड हे सर्किट जोडून चालवून पाहण्याचे सॉफ्टवेअर तर ब्राउझरमध्येच चालते. एलईडीला रेझिस्टर न लावता बॅटरी जोडली, तर प्रवाह मर्यादेबाहेर गेल्याचा इशारा तिथल्या तिथे मिळतो. तेराव्या वर्षी ईआरसीच्या (कीकॅडमधील विद्युत नियमांच्या तपासणीच्या) त्रुटींची यादी वाचण्यापेक्षा हा धडा कितीतरी मोलाचा आहे.

दोनथरी
मी मधला मार्ग सुचवेन: ईझीईडीए हे सॉफ्टवेअर. त्यात चिन्ह, फूटप्रिंट आणि विक्रीस असलेला प्रत्यक्ष घटक एकत्रच मिळतात, आणि गर्बर फाइल (बोर्डचा थर कसा बनवायचा हे कारखान्याला सांगणारी फाइल) म्हणजे काय हे न कळताही बोर्ड मागवता येतो. पहिला बोर्ड हातात पडणे, हेच पुढे शिकत राहण्याचे सर्वांत मोठे कारण असते.

धागाकर्ता
गर्बर न कळता बोर्ड मागवता येणे, ही मला सोय वाटत नाही. प्रत्येक थर व्ह्यूअरमध्ये उघडून पाहण्याची सवय पहिल्याच बोर्डापासून लागली पाहिजे, कारण भोक पॅडच्या मध्यावर नाही किंवा सिल्कस्क्रीनची, म्हणजे बोर्डवर छापायची, अक्षरे पॅडवर चढली आहेत, हे तिथेच दिसते. दुसरे असे की, एका कंपनीच्या मर्जीवर आपली सारी डिझाइन्स ठेवण्याची किंमत ईगल या पीसीबी सॉफ्टवेअरच्या वापरकर्त्यांना विचारावी. १९८८ पासूनचे ते सॉफ्टवेअर २०१६ मध्ये ऑटोडेस्ककडे गेले आणि २०२३ मध्ये कंपनीने जाहीर केले की ७ जून २०२६ नंतर ते मिळणार नाही. याउलट, ज्याँ-पिएर शारा यांनी १९९२ मध्ये सुरू केलेल्या कीकॅडचा स्रोत खुला आहे, सर्न या युरोपीय अणुसंशोधन संस्थेने त्याच्या विकासाला हातभार लावला आहे, आणि ईगलच्या जुन्या फाइलीही त्यात उघडता येतात. आयआयटी मुंबईच्या फॉसी या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पातील ईसिम या सर्किट सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्येही स्किमॅटिकसाठी कीकॅडच वापरले जाते, त्यामुळे सिम्युलेशनची वाटही इथूनच पुढे जाते.

शाळकरी मुलांपुरता टिंकरकॅडचा मुद्दा मात्र मी मान्य करतो. माझा आग्रह बोर्ड बनवून घेणाऱ्यांसाठी आहे.

ब्रेडबोर्डवाला
मग मतभेद उरतो तो फ्रिट्झिंगपुरता, आणि तिथे मी ठाम आहे. एक सेन्सर आणि आर्डुइनो (छोटा नियंत्रक बोर्ड) एवढ्याच जोडणीची आकृती सहकाऱ्याला पाठवायची असेल, तर आजही मी तेच उघडतो, कारण स्किमॅटिक वाचता न येणारा माणूसही ती पाहून जोडणी बिनचूक करतो.