‘फॅन फिल्म’ला मराठीत काय म्हणावं? ‘चाहतेपट’ चालेल का?

गोदाकाठ :
माझ्या भाच्यानं आणि त्याच्या चार मित्रांनी मिळून तेरा मिनिटांची फिल्म केलीय. पात्रं एका परदेशी अंतराळ-मालिकेतली, गोष्ट यांची स्वतःची. शूटिंग गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला आणि सिडकोतल्या एका गच्चीवर. यानाचा दरवाजा द्राक्षांच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यांचा, वर चंदेरी रंग. रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये दाखवणार आहेत. मी उपशीर्षकांची कामं करते, म्हणून सुरुवातीची पाटी माझ्याकडे आली. मी लिहिलं : ‘हा चाहतेपट आहे. यातून नफा कमावलेला नाही.’ वडिलांनी वाचलं आणि म्हणाले, ‘युद्धपट म्हणजे युद्धावरचा, भक्तिपट म्हणजे भक्तीवरचा. मग चाहतेपट चाहत्यांवरचा झाला. तो चाहत्यांनी केलाय, हे कुठे कळतं?’ मला उत्तर देता आलं नाही. दुसरा शब्द आहे का? त्यात ‘नकली’, ‘ढापलेला’ अशी छटा नको. पोरांनी दोन महिने रात्री जागून केलंय हे.

पंचवटीकर :
वडिलांचं म्हणणं अर्धंच खरं. संतवाङ्मय संतांनी रचलेलं, लोकगीत लोकांनी गायलेलं, बालनाट्य बहुधा मुलांसाठीचं. बोलपट काही बोलण्यावर नसतो. पहिलं पद कुठलं नातं सांगतं, ते वापरानं ठरतं. ‘चाहतेपट’ बिनधास्त वापरा, रुळेल.

मेनरोड :
रुळेल म्हणून काहीही रुळवायचं का? ‘चाहता’ हिंदीच्या वळणाचा. आमच्या घरी कुणी ‘मी अमक्याचा चाहता’ म्हणत नसे, ‘त्याचं गाणं मला फार आवडतं’ म्हणत. मराठीत ‘रसिक’ आहे, सुंदर आहे. रसिकपट म्हणा. फॅन फिक्शनला रसिककथा.

गोदाकाठ :
रसिक समोर बसून दाद देतो. ही मुलं उठून स्वतः करायला लागली, तो भाग ‘रसिक’मध्ये येत नाही. शिवाय ‘रसिककथा’ म्हटलं की आमच्या पिढीच्या कानाला वेगळंच काही ऐकू येतं.

निवृत्त कारकून :
ताई, ‘नक्कल’ शब्दाला एवढं का घाबरता? माझी सगळी नोकरी कोर्टाच्या नक्कल विभागात गेली. लोक निकालाच्या नकलेसाठी अर्ज करायचे. एक जण मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसरा नकलेवर बोट फिरवत यायचा. याला रुजवात घेणं म्हणत. स्वल्पविराम चुकला तरी पान परत. मग खाली शिक्का : ‘खरी नक्कल’. त्या दोन शब्दांवर लोकांच्या जमिनी सुटल्या आहेत. नक्कल म्हणजे खोटं हा अर्थ रंगमंचावरच्या नकलाकारांमुळे आला असावा, असं मला वाटतं. ‘अस्सल’च्या समोर ‘नक्कल’ बसते ती कमी प्रतीची म्हणून नाही, नंतरची म्हणून.

पंचवटीकर :
कारकूनसाहेब, ‘खरी नक्कल’ वाचून आजोबांच्या सातबाऱ्याची आठवण झाली. पण ‘नक्कल करून पास झाला’ म्हणतात तेव्हा तिथे रंगमंच कुठे असतो?

आडगावकर :
मूळ प्रश्नाकडे येतो. कॉपीराइटला आपण ‘प्रताधिकार’ म्हणतो आणि घोळ तिथेच होतो. प्रत काढण्याचा अधिकार असं ऐकल्यावर कुणालाही वाटतं, मी प्रत काढलीच नाही, नवीन गोष्ट रचली, मग माझा काय दोष? पण १९५७ च्या कायद्यानं मालकाला रूपांतराचाही हक्क दिलाय. कलम ५२ मध्ये खाजगी वापर, समीक्षा, वार्तांकन अशा सवलती आहेत. ‘चाहत्यांनी प्रेमानं केलं’ अशी सवलत त्यात नाही. ‘नफा कमावलेला नाही’ एवढ्यानंही आपोआप सुटका होत नाही. ती ओळ चांगली आहे, पण तिच्यावर फार भार टाकू नका.

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी अंतराळ-मालिकेच्या चाहत्यांचं प्रकरण आठवा. ‘अ‍ॅक्सानार’ नावाच्या फिल्मसाठी दहा लाख डॉलरच्या वर लोकवर्गणी जमली आणि डिसेंबर २०१५ मध्ये मालिकेचे मालक पॅरामाउंट आणि सीबीएस यांनी दावा ठोकला. खटला चालू असतानाच, जून २०१६ मध्ये, चाहत्यांसाठी नियम निघाले : एक गोष्ट पंधरा मिनिटांची, फार तर दोन भाग, वर्गणी पन्नास हजार डॉलरपर्यंत. जानेवारी २०१७ मध्ये समझोता झाला. त्या नियमांतली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली अट नावाची आहे. मुख्य नावात ‘स्टार ट्रेक’ घालायचं नाही, पण खाली ही चाहत्यांची निर्मिती आहे असं लिहायचंच. म्हणजे गोदाकाठताई शोधताहेत तो शब्द तिकडे अटीतच आलाय.

मेनरोड :
त्याच खटल्यात मालिकेतल्या परग्रहवासीयांची क्लिंगॉन भाषाही आपली मालमत्ता आहे असा दावा होता ना? मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञानं ती सिनेमासाठी रचली. भाषा रचणाऱ्यांच्या संस्थेनं कोर्टात लेखी म्हणणं दिलं की लोक जी भाषा बोलतात तिची मालकी कुणाची असू शकत नाही. निकाल त्या मुद्द्यापर्यंत गेलाच नाही. शब्दांवर प्रेम करणाऱ्या आपण सगळ्यांनी धसका घ्यावा अशी ती मागणी होती.

पंचवटीकर :
आणि तुम्हीच ‘चाहता’ हिंदीचा म्हणून परत पाठवायला निघालात.

मेनरोड :
मी मालकी सांगत नाहीये, घरातलं आधी वापरा म्हणतोय. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

मखमलाबाद :
आपल्याकडे याला जुना शब्द आहे : क्षेपक. मूळ ग्रंथावर जीव जडलेल्यांनी मध्ये घातलेल्या ओव्या. ज्ञानेश्वरीत इतक्या शिरल्या की एकनाथांनी शके १५०६ मध्ये पाठ शुद्ध केला आणि बजावलं : यात जो आपली ओवी घालील त्यानं अमृताच्या ताटात नरोटी ठेवली. ओव्या घालणारे चोर नव्हते. त्यांना ग्रंथ इतका आवडला होता की वाचून भागेना. पण नाथांनाही ग्रंथ तितकाच प्रिय होता. दोन्हीकडे प्रेमच होतं, पैसा कुठेच नव्हता. म्हणून म्हणते, ‘क्षेपकपट’ म्हणून बघा.

आडगावकर :
क्षेपक मूळ संहितेत मिसळतं, कळूनही येत नाही. मुलांची फिल्म वेगळी उभी आहे. त्यापेक्षा ‘प्रति’ उपसर्ग घ्या. एका गाजलेल्या मल्याळम नाटकावर टीका करणारं प्रतिनाटक आलं, त्यातली पात्रं आणि प्रसंगही घेतले, आणि १९९६ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं प्रयोगाच्या बाजूनं कौल दिला.

गोदाकाठ :
पण तिथे टीका होती. ‘प्रतिपट’ म्हटलं की ही मुलं मालिकेच्या विरोधात उभी राहतात. त्यांचं तर तिच्याशी भांडण नाहीच.

रात्री भाच्याला हे सगळं वाचून दाखवलं. तो म्हणाला, ‘मावशी, एक शब्द नसेल तर वाक्य लिही.’ म्हणून आता पाटी अशी केलीय : ‘या मालिकेवर जीव असलेल्या पाच जणांनी, मालकांची परवानगी न घेता, पदरमोड करून केलेली गोष्ट.’

निवृत्त कारकून :
‘पदरमोड’ फार छान. ‘परवानगी न घेता’ काढा. तो लेखी कबुलीजबाब होतो.

गोदाकाठ :
खरं आहे ते. काढायला मन होत नाही.

आडगावकर :
‘मालकांशी संबंध नाही’ असं लिहा. तेही खरंच आहे.

मेनरोड :
‘नरोटी’ म्हणजे करवंटीच ना? आमची आजी मात्र फुटक्या, निरुपयोगी करवंटीलाच नरोटी म्हणायची. धड असेल ती करवंटी, तिचं डावलं करायची.

मखमलाबाद :
आमच्याकडे असा भेद नव्हता. देवळाबाहेर फोडलेल्या नारळाची ती नरोटी, घरात करवंटी. बाकी कुणाकडे काय म्हणतात?