मारा नदीकाठच्या तंबूत चार रात्री: रात्री उठावं लागलं तर?

खानापूरकर:
नमस्कार मंडळी. पोरगा नैरोबीत नोकरीला असतोय. ऑगस्टात आम्हा दोघांना बोलावलंय, आणि न विचारताच केनियातल्या मासाई मारा अभयारण्यात मारा नदीच्या काठावर तंबूचा कॅम्प बुक करून बसलाय. फोटो बघितले. पलंग, गाद्या, सगळं झ्याक. पण कॅम्पला कुंपण नाही म्हणे! आम्ही रताळ्याच्या रानाला रानडुकरांपायी तार ओढतो, आणि हे सिंहाच्या मुलखात उघड्यावर.

खरा प्रश्न वेगळाच हाय. वय ६४, साखर आहे, रात्री दोनदा उठायला लागतं. त्यासाठी बाहेर जावं लागतं काय? पोराला विचारायची लाज वाटालीय, म्हणून इथं विचारालोय. सौ.चं माहेर कृष्णाकाठचं, उगारचं. मगरी बघतच वाढलीय ती. तरी कुंपणाचं तिला अजून सांगितलेलं नाही.

येळ्ळूरचा गवळी:
काका, आधी तुमचं काम. बहुतेक कॅम्पात संडास तंबूलाच मागं जोडून असतो. आतनंच तंबूच्या पडद्याची चेन उघडायची आणि जायचं, बाहेर पाऊल टाकायचं नाही. स्वस्तातल्या ठिकाणी सामायिक असू शकतो, तेवढं पोराकडनं पक्कं करून घ्या. लाजू नका. आंघोळीला आमच्या कॅम्पात बादलीचा शॉवर होता. आधी सांगून ठेवायचं, मग माणूस गरम पाणी आणून वर ओततो. साबण लावून पाणी संपलं की बोंबलायचं, मी बोंबललोय.

सिंहाचं सोडा. भ्यायचं ते पाणघोड्याला. उन्हात त्याची कातडी भाजते म्हणून दिवसभर पाण्यात पडून असतो. अंधार पडला की काठावर चढून चरतो, एका रात्रीत चाळीसेक किलो गवत, आणि उजाडायच्या आत माघारी नदीत. त्याच्या ठरलेल्या वाटा असतात, त्या तंबूंच्या मधनंच जातात. त्याच्या आणि पाण्याच्या मधे माणूस सापडला तर खैर नाही. दीड टनाचं धूड, पण पळायला आपल्यापेक्षा जोरात.

आमच्या घरी म्हशी. दुसऱ्या रात्री २ च्या सुमाराला झोपेत गवत उपटायचा आवाज आला, कर्र कर्र. मला वाटलं दावं तोडून म्हैस सुटली. डोळे मिटूनच उठलो, "हो हो" करत चेनीला हात घातला. बायकोनं बनियन धरून मागं ओढलं. जाळीतनं बघितलं तर तंबूच्या दोरीपासून दोन हातांवर नुसती पाठ, चांदण्यात ओली चकाकणारी. अर्धा तास चरला. त्या अर्ध्या तासात मला संडासाची गरज पडली नाही, एवढंच सांगतो.

जेवायच्या तंबूकडं जातानाही अंधारात एकटं जायचं नाही. बॅटरी दाखवली की तिथल्या मासाई जमातीचा राखणदार येतो, 'अस्कारी' म्हणतात त्याला. आणि स्वेटर, कानटोपी न्या. उंची १५०० मीटरच्या आसपास, पहाटेच्या उघड्या जीपमधे दात वाजतात.

पोटासाठी वास्को:
लशीचं कुणी बोललं नाही! केनियातनं परत येताना यलो फिव्हरच्या (डासांतनं पसरणारा ताप) लशीचं प्रमाणपत्र नसेल तर विमानतळावरनं ६ दिवस क्वारंटाईनमधे ठेवू शकतात. लस जायच्या निदान १० दिवस आधी. बेळगावहून चोर्ला घाट उतरून गोव्यात मुरगाव बंदराच्या आरोग्य कार्यालयात मिळते, आधी फोन करून दिवस विचारा. पण काका, साठीनंतर ही लस डॉक्टरला विचारल्याशिवाय घ्यायची नाही. तुम्हाला साखरही आहे. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच फेरीत विचारून घ्या.

निपाणीकर_ताई:
विमानानं माराला जाणार असाल तर कापडी बॅगच न्या. त्या छोट्या विमानात सामान साधारण १५ किलोच, कडक सूटकेस चालत नाही. प्लास्टिकच्या कॅरीबॅगा केनियात २०१७ पासून बंद आहेत, लाडू डब्यात भरा. आणि तो डबा तंबूत ठेवू नका, माकडं चेन उघडतात.

विल्डेबीस्ट (गाईगत दिसणारी मोठी हरणं) कळपानं नदी ओलांडताना दिसतीलच अशी आशा धरू नका. आम्ही चार तास बसलो. हजारोंनी काठापर्यंत आली, सौंदत्तीच्या जत्रेला गर्दी लोटावी तशी, आणि एकानं शिंकल्यागत केलं की सगळी माघारी. नदीत मगरी मात्र भरपूर बघितल्या. आपल्या कृष्णेतल्यांपेक्षा मोठ्या.

खानापूरकर:
सगळ्यांचे आभार. संडास जोडूनच आहे, पोराकडनं कळलं. डॉक्टरकडं सोमवारी चाललोय. सौ.ला काल सगळं वाचून दाखवलं. मगरीचं ऐकून म्हणाली, "असूदेत." पाणघोड्याचं ऐकून मात्र गप्प बसली. मग विचारालीय, तो दारात आला तर त्याला हाकलायला काय म्हणायचं?

येळ्ळूरचा गवळी:
काय म्हणायचं नाही काकू. काकांचं बनियन धरून ठेवायचं.